मिक्सर आला की भांडंही मागा : घरगुती उपकरणं दुरुस्तीचं छोटं दुकान

दुकान सुरू केलं त्या वर्षी एका काकूंच्या मिक्सरचं आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) मी बदललं. काम चोख झालं होतं. दुकानातलं भांडं लावून, तिन्ही स्पीडवर चालवून दाखवलं. नवव्या दिवशी तोच मिक्सर, तोच जळका वास, आणि या वेळी काकूंच्या हातात त्यांचं चटणीचं भांडं. "दादा, हे लावलं की नुसतं घुं घुं करतं." भांडं उलटं करून खालचा कपलर (मोटरशी जुळणारी दातेरी चकती) बोटांनी फिरवायला गेलो तर हलेना. आतला बुश, म्हणजे पात्याचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती नळी, गंजून शाफ्टला धरला होता. मोटर बिचारी जाम झालेलं पातं ओढून ओढून जळली होती, एकदा नव्हे, दोनदा. दुसरं आर्मेचर माझ्या खिशातून गेलं.

तेव्हापासून दुकानाच्या दारावर खडूने लिहिलंय : मिक्सर आणताना भांडं आणा. पुढे जे लिहितोय ते त्याच धड्याचे तुकडे आहेत. मशीन बिघडतं त्याला बहुतेक वेळा कारण मशीनच्या बाहेर असतं : भांड्यात, वायरीत, बोअरच्या पाण्यात, नाहीतर वापरणाऱ्याच्या सवयीत. ते सापडलं नाही तर दुरुस्ती परत येते, आणि परत आलेली दुरुस्ती फुकट करावी लागते.

टेबल आणि सिरीज बोर्ड

लाकडी टेबल घ्या, लोखंडी नको. त्यावर रबरी मॅट, पायाखालीही एक. दुकानाच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पहिलं मशीन उघडू नका आणि अर्थिंग खरोखर आहे का तेही तपासून घ्या. भाड्याच्या गाळ्यात तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायरच नसते, हे मी स्वतः पाहिलंय.

हत्यारं सुरुवातीला थोडीच लागतात : पक्कड, नोज प्लायर, कटर, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, टेस्टर, डिजिटल मल्टिमीटर (कंडेन्सर मोजता येणारा), सोल्डरिंग आयर्न, बेरिंग पुलर, छोटी हातोडी. थोडे पैसे जमले की ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर). पावसाळ्यात त्याची किंमत वसूल होते.

सिरीज बोर्ड मात्र स्वतः बनवा. एक होल्डर, एक १६ अँपिअरचं सॉकेट, एक स्विच. फेजची वायर स्विचमधून होल्डरला, होल्डरमधून सॉकेटला. न्यूट्रल सरळ सॉकेटला, अर्थही सरळ. होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, दिसले की चार-पाच घेऊन ठेवा. ६० वॅटचाही चालतो.

या बोर्डाचा फायदा एवढाच की आत शॉर्ट असला तरी धडाका होत नाही, बल्ब पेटतो आणि भानगड तिथेच थांबते. वाचायचं कसं, यात नवखे फसतात. पंखा लावला की बल्ब मंद पेटतो, कारण पंख्याच्या वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) अडथळा मोठा. मिक्सर किंवा इस्त्री लावली की मात्र तो जवळजवळ पूर्ण पेटतो, मशीन ठणठणीत असलं तरी. साधं गणित आहे : १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम, १००० वॅटच्या इस्त्रीचा सुमारे ५३. बहुतेक सगळा व्होल्टेज बल्बच खातो. तेव्हा इस्त्रीवर बल्ब लख्ख पेटला म्हणून "शॉर्ट आहे" सांगू नका. बल्ब अजिबात पेटला नाही, तर सर्किट कुठेतरी तुटलंय हे नक्की.

माल घेताना

मशीन हातात घेतल्यावर लगेच पेचकस उचलू नका. आधी तीन गोष्टी विचारा. बंद पडलं तेव्हा काय चाललं होतं? आधी काही वास, आवाज, झिणझिण्या? याआधी कुणी उघडलंय का? तिसऱ्या प्रश्नावर लोक बरेचदा "नाही" म्हणतात. स्क्रूची डोकी बघा, ती खरं सांगतात.

मग वही. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते :

"मिक्सर, पांढरा, ७५० वॅट. सोबत १ भांडं (मधलं), झाकण नाही. बाजूला चीर आधीची. वायर टेप मारलेली. तक्रार : वास, मग बंद. अंदाज ४०० च्या आत असेल तर करा, वर गेलं तर फोन."

"झाकण नाही" आणि "चीर आधीची" हे दोन शब्द किती भांडणं वाचवतात ते दुकान टाकल्यावर कळेल. तोच नंबर कागदी टॅगवर लिहून वायरीला बांधायचा. फोनवरून होकार मिळाला की वहीत वेळेसकट नोंद. तपासणीचे पैसे घ्यायचे की नाही, हा प्रत्येकाचा प्रश्न. मी १०० घेतो, आणि काम करून नेलं तर ते बिलातून वजा करतो.

मिक्सर : बाहेरून आत

प्लग काढलेला आहे ना, हे बघूनच पुढे.

सर्वांत आधी बूड पालथं करून ओव्हरलोडचं लाल बटण दाबा. मोटर थंड झालेली असावी लागते, नाहीतर ते बसत नाही. कित्येक मिक्सर इथेच चालू होतात. या कामाचे पैसे घेऊ नका, पण बटण का उडालं ते शोधा : भांडं गळ्यापर्यंत भरलं होतं, घट्ट वाटण पाण्याशिवाय फिरवलं, की भांड्याचा बुश जाम आहे?

दुसरी पायरी भांड्याची. खालचा कपलर बोटाने फिरवा. पातं मोकळं फिरलं पाहिजे, डगमगता कामा नये. डगमगलं तर बुश झिजलाय. मग अर्धं भांडं पाणी भरून वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवा. कागदावर ओला गोल उमटला तर वॉशर किंवा बुश गळतोय. हेच पाणी, मिठाचं आणि तिखटाचं, थेंब थेंब मोटरवर उतरतं आणि वरच्या बेरिंगला खातं. वरच्या बेरिंगभोवती काळपट चिकट राड दिसली की समजायचं, मूळ भांड्यात आहे. बुश, शाफ्ट, पातं यांचा सेट एकदमच बदलावा. नुसतं पातं बदलून झिजलेला बुश ठेवला तर महिन्यात गिऱ्हाईक परत.

तिसरी पायरी वायर आणि स्विच. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांना लावा आणि नॉब एकेक नंबरवर फिरवा. कुठल्याच नंबरला रीडिंग नाही तर वायर हलवत हलवत बघा. बूड ओलांडून वायर जिथे बाहेर येते तिथे ती आतून तुटते. एकाच नंबरला रीडिंग नाही तर स्विच किंवा फिल्ड कॉइलचं (आर्मेचरभोवतीच्या स्थिर गुंडाळीचं) त्या स्पीडचं टोक. काही मॉडेलांत १ नंबरला डायोड असतो, तो गेला की फक्त तोच स्पीड मरतो.

एवढं झाल्यावर मोटर. कार्बन (आर्मेचरला करंट पोचवणारे दोन ठोकळे) काढा. निम्म्याहून कमी उरला असेल, कोपरा तुटला असेल किंवा स्प्रिंग तापून ढिली पडली असेल तर दोन्ही बाजूंचे बदला, एक कधीच नाही. जुनाच परत बसवायचा असेल तर काढताना दिशा खूण करून ठेवा, कारण त्याचं तोंड कम्युटेटरच्या (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या) गोलाईला बसलेलं असतं. नवे घातल्यावर दोन-चार मिनिटं भांडं न लावता चालवायचं, म्हणजे ते बसतात.

कम्युटेटर काळा असेल तर झिरो नंबरच्या सँडपेपरची पट्टी हलकेच फिरवा. एमरी पेपर वापरू नका, त्याची पूड पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसून शॉर्ट करते. नंतर फटी जुन्या ब्रशने झाडून घ्या. चालू केल्यावर कार्बनखाली बारीक निळसर ठिणगी असणारच. आगीची रिंग पूर्ण गोल फिरत असेल तर आर्मेचर आतून शॉर्ट आहे. खात्रीसाठी मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्या मोजत जा. सगळीकडे सारखं रीडिंग हवं. एखाद्या जोडीला वेगळंच आलं तर तिथे दोष. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात काहीही रीडिंग येता कामा नये.

वरचा कपलर काढताना कित्येक जण उलटा जोर लावून दाते तोडतात. नियम लक्षात ठेवा : मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो. आटे मुद्दामच तसे असतात, म्हणजे भाराखाली तो घट्ट होत जातो. खालचं झाकण काढून आर्मेचर एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने कपलर सोडायचा.

आर्मेचर आणि फिल्ड दोन्ही गेली असतील तर गिऱ्हाईकाला सरळ सांगा की नव्याच्या किमतीच्या निम्म्याच्या वर खर्च जातोय, विचार करा. असं सांगितल्यामुळे गिऱ्हाईक तुटलं, असं माझ्याकडे झालेलं नाही. पुढच्या वेळी ते पंखा घेऊन येतं.

पंखा

"पंखा हळू फिरतो" म्हणजे आधी कंडेन्सर. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, काहींना ३.१५ चा. अंगावर लिहिलेलं वाचा आणि तेवढाच टाका. जास्त टाकून वेग वाढवायचा उद्योग करू नका, वाइंडिंग तापतं. हात लावण्याआधी त्याची दोन टोकं इन्सुलेटेड पेचकसने जोडून तो रिकामा करा. २.५ लिहिलेला मीटरवर १.८ दाखवत असेल तर काम संपलं. हाताने ढकलला की चालतो, हीसुद्धा कंडेन्सरचीच खूण, किंवा स्टार्टिंग कॉइल तुटल्याची. तीन वायरी आपसांत मोजा. ज्या जोडीला सर्वांत जास्त रीडिंग ती दोन टोकं, उरलेली कॉमन (दोन्ही कॉइलची सामाईक). दोन छोट्या रीडिंगची बेरीज मोठ्या रीडिंगएवढी आली पाहिजे.

कुरकुर आवाज असेल तर बेरिंग. ६२०१ किंवा ६२०२ नंबरचीच बहुधा निघतात, पण जुन्या बेरिंगवरचा नंबर वाचूनच घ्या. पंखा उघडण्याआधी वरच्या आणि खालच्या झाकणावर समोरासमोर पंचची खूण करा, बसवताना ती जुळवायची. पाती एका सेटची दुसऱ्याला लावली की पंखा डोलतो आणि मग गिऱ्हाईकाला वाटतं, छतच हलतंय.

रिवाइंडिंगला (तार नव्याने गुंडाळायला) पाठवण्याआधी तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. तसल्या स्वस्त पंख्यावर रिवाइंडिंगचा खर्च करू नये.

बीएलडीसी पंखे (सर्किट बोर्डावर चालणारे, कमी वीज खाणारे) आता घरोघरी आलेत. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यानंतर तर जास्तच. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा साधारण ३० खातो. याच्यात तो कंडेन्सर नसतो, आत सर्किट बोर्ड असतो. त्यावरचा मोठा कपॅसिटर (कंडेन्सरचंच दुसरं नाव) साधारण ३२५ व्होल्ट डीसी धरून बसतो, प्लग काढल्यावरही काही वेळ. बोर्ड बदलायला शिका, बोर्ड दुरुस्त करायला घाई नको. आणि तक्रार "रिमोट चालत नाही, पंखा गचके खातो" अशी असेल तर आधी विचारा, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढलाय का? नसेल तर पंखा उतरवण्याआधी तो काढायला सांगा.

इस्त्री, आणि "डायरेक्ट करून द्या"

इस्त्रीत तीनच गोष्टी : एलिमेंट (तापणारी तार), थर्मोस्टॅट (ठरावीक तापल्यावर बंद करणारा), थर्मल फ्यूज (फार तापलं तर कायमचा तुटणारा). १००० वॅटचं एलिमेंट ५३ ओहमच्या आसपास, ७५० वॅटचं ७० च्या आसपास दाखवतं. एलिमेंट ठीक आणि पिनांमध्ये काही नाही, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट काळे झालेत किंवा फ्यूज उडालाय.

इथे गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "फ्यूज काढा, डायरेक्ट करून द्या, आधीच्यानं तसंच दिलं होतं." देऊ नका. थर्मोस्टॅट चिकटला की त्या इस्त्रीला थांबवणारं दुसरं काही उरत नाही, आणि ती पलंगावर ठेवून फोन घ्यायला माणूस बाहेर जातोच. त्याच तापमानाचा फ्यूज टाका आणि तो सोल्डर करू नका. क्रिम्प करा (नळी दाबून जोडा), नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच उडेल. काम झाल्यावर प्लगच्या जाड (अर्थच्या) पिनेपासून इस्त्रीच्या तळापर्यंत रीडिंग घ्या, शून्याजवळ हवं. जुन्या वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नव्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. ही सरमिसळ करून बसवलेली वायर मी दरवर्षी पाहतो.

गिझरचं थोडक्यात. २००० वॅटचं एलिमेंट २६ ओहमच्या आसपास. बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरा थर चढतो, मग ते फुटतं आणि पाण्यात करंट उतरतो. एलिमेंट बदललं तर गॅस्केट नवीनच, आणि टाकी पूर्ण भरून नळाला पाणी आल्याशिवाय स्विच लावायचा नाही. पावसाळ्यात गिझर असो वा मोटर, मेगरवर १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मी मशीन परत देत नाही. दोन दिवस वाळवून पुन्हा मोजतो.

मायक्रोवेव्ह घेऊ नका. त्याच्या कपॅसिटरवर २००० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. शिकवणारा शेजारी उभा असल्याशिवाय तो उघडण्याची वस्तू नाही. फ्रीज, एसी गॅसचं काम, तेही प्रशिक्षण घेऊनच. "नाही जमणार, अमक्याकडे जा" असं सांगायला लाज वाटू देऊ नका; तो अमकाही तुमच्याकडे मिक्सर पाठवतो.

मजुरी

नवीन मुलं शेजारच्या दुकानाचा दर बघून दर लावतात. आधी आपला तास कितीला पडतो ते काढा. समजा गाळ्याचं भाडं ४,०००, वीज ६००, फोन-प्रवास ४००; झाले ५,०००. घरी न्यायचा पगार २०,००० धरा. महिन्याचे २५ दिवस, रोज खरं टेबलावरचं काम सहा तास (बाकीचा वेळ बोलण्यात आणि चहात जातो), म्हणजे १५० तास. २५,००० भागिले १५० म्हणजे तासाला १६७ रुपये. पाऊण तासाच्या कामाची मजुरी १२५ झाली. पार्टची किंमत वेगळी, बिलात वेगळ्या ओळीत. मजुरी पार्टमध्ये लपवली की गिऱ्हाईक तो पार्ट बाजारात विचारतं आणि तुम्ही चोर ठरता.

जुना कार्बन, जुनं बेरिंग, उडालेला फ्यूज छोट्या पिशवीत घालून परत द्या. कामाची हमी मी तीन महिन्यांची देतो, आणि ती बदललेल्या भागापुरती, हे बिलावर लिहून. मिक्सर परत देताना गिऱ्हाईकाचंच भांडं, त्यात दोन पेले पाणी, आणि त्याच्याच हाताने नॉब फिरवायला लावायचा.

स्टॉक, उधारी, कागद

स्टॉकमध्ये सुरुवातीला कार्बन, कपलर, वॉशर, कंडेन्सर, ६२०१ आणि ६२०२, तीन कोअर वायर, थर्मोस्टॅट, प्लग एवढंच. आर्मेचर मॉडेलप्रमाणे बदलतात, ते गिऱ्हाईकाचा आगाऊ घेऊन मागवा. मी महिन्यातून दोनदा एसटीने पुण्याला तापकीर गल्लीत जातो; मुंबईकडच्यांना लोहार चाळ आहे. नमुना बरोबर न्या. "याच कंपनीचा" म्हणून आणलेला कपलर दात्यांत अर्धा मिलिमीटर वेगळा निघतो आणि खेप वाया जाते. उन्हाळ्याआधी कंडेन्सर आणि कूलरचे पंप, दिवाळीच्या महिनाभर आधी मिक्सरचा माल. ऐन हंगामात होलसेलवालाही "उद्या" म्हणतो.

उधारी ओळखीच्यांनाच होते आणि ओळखीचेच ती बुडवतात. मी क्यूआर कोड समोर लावलाय आणि "मशीन नेताना पैसे" असं म्हणतो, सख्ख्या आतेभावालासुद्धा.

कागदांत उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर आधारने होते आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट तिच्यासारख्याच दिसतात, सांभाळा. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, हत्यारांपुरतं ते पुष्कळ. जीएसटी दुरुस्तीसारख्या सेवेला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागतो, तोवर बिलावर जीएसटी लावू नका. गुमास्त्याचं (दुकानाच्या परवान्याचं) काय लागतं ते आपल्या गावात विचारून घ्या.

न नेलेला माल

सहा महिन्यांत मागचं फडताळ भरतं. लोक अंदाज ऐकून नवा मिक्सर घेतात आणि जुना तुमच्याकडे विसरतात. बिलावर छापून ठेवा की ९० दिवसांत न नेल्यास दुकान जबाबदार नाही. तरीही विल्हेवाट लावण्याआधी दोन फोन आणि एक मेसेज करा आणि वहीत तारीख टाका. एकदा असाच एक पंखा मोडायला काढला आणि दुसऱ्या दिवशी मालक गावाहून आले. तो त्यांच्या वडिलांनी घेतलेला पहिला पंखा होता. पाती वजनकाट्यावर गेली होती, ती भंगारवाल्याकडून परत आणली.

मालकाने "ठेवा तुम्हालाच" म्हटलेल्या मशीनमधून नॉब, स्क्रू, पाय, चांगलं फिल्ड काढून डब्यांत घाला. जुन्या मॉडेलचा नॉब बाजारात मिळत नाही तेव्हा हाच डबा कामाला येतो. उरलेले सर्किट बोर्ड भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायचे नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवेत. आम्ही चार दुकानदार मिळून एक गोणी भरतो, आणि भरली की फोन करतो.